तराफ्यावरचा डबा

आमच्या उर्दू शाळेच्या स्नेहसंमेलनात दरसाल कव्वाली आणि हुंड्यावरची एक नाटिका ठरलेली. गेल्या वर्षी मी स्वावोमिर म्रोझेक या पोलिश नाटककाराचं 'आउट ॲट सी' इंग्रजीवरून उर्दूत केलं, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "बी.एड.ला हेच शिकवलं का?"

त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. भर समुद्रात तराफ्यावर तिघं : जाड्या, मधला आणि बारक्या. अन्न संपलेलं. एकाला खायचं, पण कोणाला ते रीतसर ठरायला हवं. म्हणून निवडणूक, भाषणं, न्यायाच्या गप्पा. शेवटी बारक्याला इतकं पटवलं जातं की तो आपणहून, अभिमानानं कुर्बान व्हायला तयार होतो. तेवढ्यात मधल्याला जेवणाचा बंद डबा सापडतो. जाड्या तो लपवायला लावतो. बारक्या एवढा खूश आहे, त्याचा विरस कशाला?

नाटक 1961चं. तेव्हा पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट होती, सेन्सॉर होता. जाड्या कोण हे उघड सांगायची सोय नव्हती. म्रोझेक 1963 मध्ये देशाबाहेर पडला. 1968 मध्ये चेकोस्लोव्हाकियात फौजा घुसल्या, तेव्हा त्यानं जाहीर निषेध केला आणि पुढची कित्येक वर्षं परदेशातच काढली. ती राजवट 1989 मध्ये गेली. मग आज आपल्या लोकांपुढे हा जाड्या कोण म्हणून उभा करायचा?

एका सहकाऱ्यानं सुचवलं, पुढाऱ्याची टोपी घाला. एका तालमीत घालून पाहिली. (मराठीत तालीम म्हणजे नाटकाचा सराव, उर्दूत शिक्षण. मुलांना या शब्दाची मोठी गंमत वाटायची.) टोपी दिसताच मुलं खदखदून हसली आणि नाटक तिथंच संपलं. सगळा दोष टोपीवर गेला, पाहणारे सुटले. मी टोपी काढली. तिघांनाही लग्नातले कोट दिले; मूळ नाटकातही ते झकास सुटातच असतात. चार बाक दोरीनं बांधले, तराफा झाला.

प्रयोगाला आपा आली होती. आपा सातवीनंतर घरी बसली, मी तेव्हा चौथीत होतो. दोघांचा खर्च झेपत नाही, असं अब्बा म्हणाले होते. "तिनं खुशीनं शाळा सोडली," हे अम्मी येईल त्या पाहुण्याला सांगायची. मी बी.एड. झालो तेव्हा पेढ्यांबरोबर तेच वाटलं. मीही ते खरं मानत आलो.

निवडणुकीच्या प्रसंगाला सभागृह डोक्यावर घेतलं गेलं. डबा निघाला तेव्हा पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. बायकांच्या बाजूला कोणी हसलं नाही. पडद्याआड उभ्या उभ्या मला आठवलं, आपाची शाळा सुटली त्याच वर्षी अब्बांनी मोटारसायकल घेतली होती. तिच्या टाकीवर बसून मी शाळेत जायचो.

नंतर मी बाक सोडवत होतो. आपा जवळ आली. म्हणाली, "उस दुबले कू डब्बा कैसा नईं दिख्या रे?"

मी म्हणालो, "नाटकात तसंच आहे, आपा."

ती काही बोलली नाही. मुलीचा हात धरून रिक्षाकडे गेली. मुलगी आमच्याच शाळेत आहे, यंदा आठवीत.