अक्षता हवेत असताना

भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ परवा घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. मंगलाष्टकं संपली, ‘सावधान’ झालं आणि व्हिडिओवाल्याने त्याच्या लाडक्या जागी वेळ ताणला. वर गेलेल्या अक्षता खाली यायलाच तयार नाहीत. कुंकवाने लाल झालेला एकेक दाणा स्वतःभोवती गिरक्या घेतोय, मध्येच दुसऱ्यावर आपटून वाट बदलतोय. सगळे नवरानवरीकडे बघत होते. माझी नजर मात्र दुसऱ्या रांगेतल्या काकांवर. त्यांनी टाकलेल्या अक्षता समोरच्या गृहस्थांच्या टकलाकडे निघाल्या होत्या, आणि त्या तिथे पोचायच्या आतच काकांची मान पंगतीकडे वळली होती. कार्यालयात हे कुणाच्या लक्षात आलं नसणार. काकांच्या तर नाहीच.

एरवी लग्नातलं स्लो मोशन मला सोसत नाही. नवरी शालू सांभाळत आधीच सावकाश चालते. तिला आणखी सावकाश चालवून काय साधतं? शिवाय वेग उतरला की साध्या हसण्यालाही उगाच दुःखाची छटा येते. जे झटकन होतं आणि डोळ्यांतून निसटतं, त्याच्यासाठी हा खटाटोप करावा. मोहरी तडतडते, त्याच्यासाठी. टाचणीने फुगा फुटतो, त्याच्यासाठी.

खटाटोप म्हटलं, कारण तो आहेच. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ चौकटींचं. कॅमेऱ्याने सेकंदात २५० टिपल्या आणि आपण त्या २५च्याच चालीने पाहिल्या, तर एक सेकंद दहा सेकंद पुरतो. पण हे आधी ठरवावं लागतं. साधं चित्रण मागाहून ताणायला गेलं, तर मधल्या चौकटी संगणक अंदाजाने रचतो आणि मोहरीचे दोन दाणे एकमेकांत विरघळून जातात. दुसरी गोष्ट उजेडाची. सेकंदाचे २५० तुकडे केल्यावर एकेका चौकटीच्या वाट्याला उजेड तो किती येणार! म्हणून दुपारचं रणरणतं ऊन, ज्याला बाकीचे छायाचित्रकार नाकं मुरडतात, ते इथे हवंहवंसं. घरात ट्यूबलाइटखाली फोडणी टिपायला गेलो, तर मोहरी राहिली बाजूला, अख्खं स्वयंपाकघरच लुकलुकत होतं. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभरदा मंद-प्रखर होते. डोळ्यांना ते कळत नाही. दहापट संथ केल्यावर तीच उघडझाप सेकंदाला दहा वेळा, थेट कपाळात.

या लुकलुकण्यावरून ऑगुस्ट मुस्गर आठवतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे हे कॅथलिक धर्मगुरू, पेशाने शिक्षक. चलच्चित्रं तेव्हा नवी होती आणि पडद्यावर फार लुकलुकायची, कारण फिल्म यंत्रातून थांबत थांबत, हिसके खात सरकायची. मुस्गर यांच्या मनात आलं, फिल्म अखंड फिरू द्यावी आणि फिरत्या आरशांनी चित्र जागच्या जागी धरून ठेवावं. १९०४ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. हिसके गेल्यामुळे फिल्म कितीतरी जोरात पळवता येणार होती. जोरात टिपायचं आणि सावकाश दाखवायचं, ही वाट त्यातूनच मोकळी झाली. डोळ्यांचा त्रास कमी करायला निघालेल्या माणसाच्या हाती वेळच लागला. पुढे पेटंटची फी भरणं त्यांना जमेना आणि १९१२ मध्ये ते रद्द झालं. ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीत हान्स लेमान याच दिशेने काम करत होते; त्यांचं सुधारलेलं यंत्र १९१४ मध्ये लोकांसमोर आलं. मुस्गर १९२९ मध्ये वारले. शेवटच्या हप्त्याची तारीख टळून गेली, त्या दिवशी त्यांनी काय केलं असेल? मला वाटतं, नेहमीसारखा वर्ग घेतला असेल. फळ्यावर खडूने आकृती काढली असेल, मागच्या बाकावरच्या कुणाला तरी उभं केलं असेल.

गंमत अशी की त्याच १९१२ साली मुंबईत दादासाहेब फाळके नेमका उलटा उद्योग करत होते. कुंडीत वाटाणा पेरायचा, रोज थोडं थोडं चित्रण करायचं आणि कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणात उरकायची. ‘अंकुराची वाढ’. ते पाहून पैसा लावणाऱ्याचा विश्वास बसला. वेळ आवळणाऱ्याला भांडवल मिळालं, वेळ सैल करणाऱ्याला फीपुरतेही पैसे मिळाले नाहीत. फाळक्यांच्या कॅमेऱ्याला हाताने फिरवायचा दांडा होता. दांडा जोरात फिरवला की पडद्यावरची चाल मंदावते, हळू फिरवला की माणसं पळत सुटतात. सगळी मेनूची बटणं तेव्हा मनगटात होती.

आताच्या कॅमेऱ्यांतली एक सोय मला मनापासून आवडते. सोनीच्या २०१५च्या आरएक्स१०० मार्क फोरमध्ये घटना घडून गेल्यावर बटण दाबता येतं. कॅमेरा आधीचे दोन-चार सेकंद धरूनच बसलेला असतो. भिजलेलं कुत्रं अंग कधी झाडेल हे कुत्र्यालाही ठाऊक नसतं, तेव्हा ही सोय हवीच. आमच्या गल्लीतला तांबडा कुत्रा पावसाच्या उघडिपीत असा सापडला. झटका नाकापासून सुटतो. डोळे घट्ट मिटलेले, पुढचे पाय रोवलेले. डोकं डावीकडे वळून परत निघालं तरी उजवा कान अजून डाव्या बाजूलाच फडकतोय. मग लाट मानेवरून पाठीवर येते. कातडं ढगळ सदऱ्यासारखं हाडांच्या पुढे जातं, मागे राहतं, पुन्हा पुढे जातं. पाण्याच्या दोऱ्या सुटतात, हवेतच तुटून त्यांचे मणी होतात. शेवटी शेपटीचं टोक एक हिसका देतं, तोवर तोंडाकडचा भाग केव्हाच मोकळा होऊन पुढच्या विचाराला लागलेला असतो.

या कॅमेऱ्याच्या संथ चित्रणात आवाज नसतो. बहुतेक जण वरून पियानो नाहीतर बासरी चढवतात. बासरीवर माझा राग नाही, पण कुत्र्याला ती कशाला?

गणपतीच्या आधी पुण्यात नदीकाठी पथकांचा सराव चालतो, तिथे ढोलाचं पान टिपायला गेलो होतो. टिपरू पडतं तिथे पान आत दबतं, कडेपर्यंत लहर जाते, पानावर बसलेली धूळ वर उसळते आणि ती खाली यायच्या आत दुसरा ठोका. मी खुशीत येऊन वाजवणाऱ्या मुलाला ते दाखवलं. त्याने स्क्रीन डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत पाहिलं.

“भारी आहे काका,” तो म्हणाला, “पण नॉर्मल स्पीडचं पाठवा ना. यात माझा हात चुकलाय की नाही, तेच कळत नाहीये.”