पोरीने पाहिलेल्या पवनचक्क्या आणि आमची चारी



आमची धाकटी लेक परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन पुढे शिकायला नेदरलँड्समध्ये गेली. आपण त्याला हॉलंड म्हणतो. तिथे वागेनिंगेन येथे शेतीचे मोठे विद्यापीठ आहे. परीक्षा आटोपल्यावर चौघी मैत्रिणी फिरायला निघाल्या. एक केनियाची, एक इंडोनेशियाची, एक तिथल्याच शेतकऱ्याची लेक आणि चौथी आमची. मला वाटले, पोरी हिंडतील, फोटो पाठवतील. पण संध्याकाळी फोन आला तो वेगळाच. "बाबा, आपल्या शेताजवळची चारी कशी आहे हो?"

हा प्रश्न तिला का पडला, ते ऐका.

आगगाडीने त्या रॉटरडॅमला गेल्या आणि तिथून नावेने किंडरडाइकला. तिथे पाण्याच्या काठाने १९ जुन्या पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांतल्या बहुतेक १७४० च्या सुमारास बांधलेल्या. १९९७ साली त्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. तुम्ही म्हणाल, दळणाच्या चक्क्या असतील. नाही. त्या पाणी उपसण्याच्या आहेत. तिथली शेते नदीपेक्षा खोल. पावसाचे पाणी आपोआप वाहून जात नाही, ते उचलून नदीत टाकावे लागते. आता ते काम पंप करतात, पण चक्क्या जपून ठेवल्या आहेत. त्या देशाची सुमारे चौथाई जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे वादळात बांध फुटले, तेव्हा १,८३६ माणसे गेली.

आपण पाणी यावे म्हणून आभाळाकडे बघतो, ते पाणी जावे म्हणून झटतात. दुखणे उलटे आहे, पण औषध एकच.

बांधावर बसून शिदोरी खाताना तिथल्या मैत्रिणीने जुनी रीत सांगितली. पूर्वी बांधाची लांबी शेतकऱ्यांत वाटलेली असे. ज्याच्या वाट्याचा जो तुकडा, तो त्यानेच राखायचा. ज्याला ते झेपेना, त्याने आपले फावडे बांधात रोवायचे आणि जमीन सोडून जायचे. जो ते फावडे उपटील, त्याची जमीन आणि त्याचाच बांध! कायदा कठोर खरा. पण एकाचा बांध फुटला तर साऱ्या गावाचे शेत बुडणार, हे त्यांना ठाऊक होते. आज हे काम पाणी मंडळे बघतात. काहींची मुळे तेराव्या शतकापर्यंत जातात. लोक त्यांना कर देतात आणि दर चार वर्षांनी मत देऊन कारभारी निवडतात.

आता आपल्याकडे या. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघतो. २०८ किलोमीटरचा हा कालवा आपल्या परभणी जिल्ह्यात येतो. आमचे अडीच एकर एका चारीवर, शेवटून दुसरे. वरचे लोक पाणी ओढतात, टेलला थेंब येत नाही, हे गाऱ्हाणे मी वर्षानुवर्षे गात आलो. गावोगाव पाणी वापर संस्थेवर भाषणेही दिली. त्यासाठी २००५ चा कायदा आहे, हे मी फळ्यावर लिहून दाखवतो.

लेकीचा फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी चारीवर गेलो. माझ्या शेताला लागून जेवढी चारी, तेवढ्यात कमरेइतकी बेशरम माजलेली. खाली गाळ. आणि माझ्या खाली एक शेत आहे, एका विधवा बाईचे, हे मी विसरूनच गेलो होतो. वरच्यांनी माझे पाणी अडवले असेल. तिचे पाणी मी अडवले होते.

ही काही परदेशातून आणायची अक्कल नाही. धुळ्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत शेकडो वर्षे चालली. पाट साफ करायचा तो सगळ्यांनी मिळून. नाशिकच्या वाघाड धरणाखाली, ओझरच्या टेलच्या शेतकऱ्यांनी १९९० च्या सुमारास पाणी वापर संस्था उभ्या केल्या. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी त्यात पुढाकार घेतला. पाणी मोजून घ्यायचे आणि वाटूनही आपणच घ्यायचे, हे त्यांनी करून दाखवले.

रविवारी मी फावडे घेऊन एकटाच उतरलो. दुपारपर्यंत शेजारचे दोघे आले. दुसऱ्या रविवारी पाच जण झालो. खालच्या शेतातल्या वहिनींनी भाकरी आणि ठेचा आणला. त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, औंदा हरभरा पेरू का मग?"

होय म्हणायची माझी छाती झाली नाही. पाणी वरून किती सुटेल, ते माझ्या हाती नाही. पण सुटलेले पाणी माझ्या तुकड्यात अडणार नाही, एवढा शब्द मी त्यांना दिला.

तेव्हा वाचकहो, पाणी पाळी सुटण्याआधी एकदा आपापल्या चारीवर जाऊन या. वर कोण आहे ते आपण रोजच बघतो. एकदा खाली कोण आहे तेही बघा.