सहा गुंठ्यांतला निशिगंध

वाचकहो, फुलशेती म्हटली की आपल्यापुढे दोन चित्रे उभी राहतात. एक म्हणजे तळेगावकडची मोठमोठी हरितगृहे आणि त्यांतून परदेशी जाणारे गुलाब. दुसरे म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी रस्त्याच्या कडेला ओतलेले झेंडूचे ढीग. पहिल्याला भांडवल लागते, दुसऱ्याला नशीब लागते. या दोहोंच्या मधून जाणारी एक तिसरी वाट आहे आणि ती आमच्यासारख्या कोरडवाहू घरालाही परवडते, एवढे सांगावे म्हणून आज लिहायला बसले आहे.

आमचे गाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या फुलंब्री तालुक्यात. जमीन साडेचार एकर. वर काळी माती, हातभर खाली मुरूम. पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, असे सांगतात. पण सरासरी हा शब्द कागदावरचा. शिवारात पाऊस कधी दोन दिवसांत सगळा ओतून जातो, तर कधी तोंडच दाखवत नाही. २०१२ साली त्याने असेच केले. पुढच्या उन्हाळ्यात पैठणचा नाथसागर तळाला गेला आणि आपल्या व जालना जिल्ह्यांतल्या मोसंबीच्या बागा उभ्या जागी वाळल्या. आमचीही दीडशे झाडे गेली. लेकरासारखी वाढवलेली झाडे तोडून सरपणाला रचावी लागली. त्यावर अधिक लिहीत नाही. ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांना सांगण्याची गरज नाही आणि ज्यांच्यावर आली नाही त्यांच्यावर कधी येऊ नये.

बाग गेली आणि विहिरीजवळचा तुकडा मोकळा झाला. मालकांचे म्हणणे, तिथेही कपाशीच लावू. सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्या १९७२ चा दुष्काळ अंगावर काढलेल्या. त्या म्हणाल्या, “पोरी, पाणी तुटलं की जमिनीत दडून बसंल आणि पाणी आलं की वर येईल, असं काहीतरी लाव.” त्यांच्या मनात हळद असावी, पण हळद पाणी फार पिते. मी मात्र त्यांच्या बोलण्यातला कंद तेवढा उचलला आणि निशिगंध लावायचे ठरवले.

निशिगंधाला आपल्याकडे गुलछडीही म्हणतात. हे झाड मूळचे मेक्सिकोतले. बांधावरच्या घायपाताच्या गोत्यातले, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. घायपात पाण्यावाचून वर्षानुवर्षे उभा राहतो. निशिगंध इतका काटक नाही. फुले हवी असतील तर त्याला पाणी द्यावेच लागते. पण पाणी तुटले तर तो मोसंबीसारखा मरत नाही. पात वाळते, कंद मातीत निजून राहतो आणि पाऊस झाला की पुन्हा फुटतो. आमच्या भागात हा गुण सोन्याच्या मोलाचा आहे.

माझी एक भाची परदेशात असते. तिने मध्यंतरी पिओनी नावाच्या फुलाचा फोटो पाठवला आणि “आत्या, हे लाव ना” म्हणून हट्ट धरला. फूल खरेच देखणे, ताटलीएवढे. चीनमध्ये हजार वर्षांहून अधिक काळ त्याची लागवड होते आणि आपल्या हिमालयातही त्याची रानजात उगवते. परंतु त्या झाडाला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी मिळाल्याखेरीज कळीच धरत नाही. आपल्याकडे डिसेंबरात शेकोटी पेटते, ती थंडी त्याला पुरत नाही. मी तिला कळवले की, बाई, ज्या मातीला जे मानवते तेच लावावे. तुमची पिओनी थंडीत झोपते, आमचा निशिगंध दुष्काळात झोपतो!

आता लागवडीचे सांगते. २०१४ च्या मे महिन्यात आम्ही पहिल्यांदा दोनच गुंठे लावले. कंद एका शेतकऱ्याकडूनच घेतले. कंद घेताना सुपारीहून मोठा, घट्ट आणि टोकाकडे निमुळता असा निवडावा. काढलेला कंद लगेच लावू नये. महिनाभर सावलीत पसरून त्याला विसावा द्यावा. काळ्या जमिनीत पाणी साचले की कंद सडतो, म्हणून गादीवाफे करावेत. एक एक फुटावर, दोन-अडीच इंच खोल, टोक वर ठेवून कंद लावावा. अशा लागवडीला गुंठ्याला सुमारे अकराशे कंद बसतात. वाटा सोडल्या तर थोडे कमी. तीन-साडेतीन महिन्यांत दांडे दिसू लागतात.

जातींचे म्हणाल तर एकेरी पाकळीचा निशिगंध सुट्या फुलांसाठी चांगला. वासही त्यालाच जास्त. हार, वेणी, गजरा याचाच होतो. दुहेरी पाकळीचा दांड्यासकट कापून गुच्छाला जातो. बेंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या संशोधन संस्थेने शृंगार, प्रज्वल, सुवासिनी, वैभव या जाती काढल्या आणि राहुरीच्या विद्यापीठाची फुले रजनी आहे. आमच्याकडे एकेरीच आहे, कारण आमचे गिऱ्हाईक देवळाच्या दारातले.

खताला आम्ही शेणखत, घरचे गांडूळखत आणि निंबोळी पेंड वापरतो. पेंड जरूर घालावी. या पिकाच्या मुळांना सूत्रकृमी लागतो आणि मुळांवर गाठी येतात. पेंडीने तो आटोक्यात राहतो. वाफ्यांच्या कडेने आणि पीक पालटताना झेंडू लावावा. त्याच्या मुळांचा सूत्रकृमीला जाच होतो. शिवाय दसऱ्याला झेंडूचे दोन पैसे होतात, ते वेगळेच. वाफ्यावर सोयाबीनचा भुसा चार बोटे जाडीचा अंथरावा. त्याने ओल टिकते, खुरपणी निम्म्यावर येते आणि तोच भुसा कुजून पुढच्या वर्षी खत होतो. पाणी ठिबकने, तेही पहाटे किंवा संध्याकाळी.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हा लेख, तिच्याकडे वळते. ती म्हणजे औषध.

निशिगंधाला फुलकिडे लागतात, कोळी लागतो, कळी पोखरणारी अळी लागते. दुकानात गेले की तिघांवर तीन बाटल्या पुढे येतात. प्रत्येक बाटलीच्या कागदावर लिहिलेले असते की फवारणीनंतर इतके दिवस तोडणी करू नये. आता तुम्हीच विचार करा. कापूस वेचायला दिवस असतात, तुरीला असतात. निशिगंध मात्र रोज पहाटे तोडावा लागतो. मग ते थांबायचे दिवस आणायचे कुठून? धान्य आपण पाखडतो, भाजी धुतो, फळ सोलतो. फूल मात्र कोणी धूत नाही. ते तसेच ओंजळीत येते, नाकाशी जाते, केसांत माळले जाते, देवाच्या पायांवरून उचलून लेकराच्या हातात दिले जाते. आणि या सगळ्यांच्या आधी ते तोडणाऱ्या बाईच्या उघड्या बोटांतून जाते. आमच्याकडे ती बाई म्हणजे मी, माझी सून आणि शेजारच्या दोघी.

२०१७ साली दोन गोष्टी झाल्या. आमच्या कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली. मराठवाडा-विदर्भात ती कोणाला चुकली नाही. आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या बातम्या ऐकून आमच्या घरात रात्री बोलणे झाले. मालक म्हणाले, फुलावर औषध मारले नाही तर निम्मी फुले जातील. मी म्हणाले, जाऊ देत. सून पोटुशी आहे आणि तीच रोज तोडायला जाते. ते बराच वेळ गप्प बसले. सकाळी त्यांनीच पंप धुऊन माळ्यावर टाकला.

वाचकहो, निम्मी फुले काही गेली नाहीत; पण तोटा झालाच नाही असे म्हणणेही खरे नव्हे. काही दांडे वाकडे निघतात, काही कळ्यांवर डाग पडतात. ती फुले आम्ही वेगळी काढतो. बाकी उपाय असे: पाच किलो निंबोळीची भुकटी दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, थोडा साबणचुरा मिसळून पाणी शंभर लिटर करावे आणि त्याच दिवशी सायंकाळी, तोडणीयोग्य फुले काढून झाल्यावर फवारावे. हा पाच टक्क्यांचा अर्क. निंबोळ्या उन्हाळ्याच्या अखेरीस वेचून सावलीत वाळवून ठेवल्या की वर्षभर पुरतात. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावतो. अळीचे दांडे हाताने खुडतो. खोडकूज होऊ नये म्हणून शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळतो. पीक रोज डोळ्यांखालून गेले पाहिजे, हे मात्र पक्के. बाटली असली की माणूस शेतात कमी जातो. बाटली नसली की जावेच लागते.

तोडणीचे तंत्र सोपे आहे, झोप मात्र मोडते. निशिगंध संध्याकाळी उमलतो आणि त्याचा वास रात्री भरात येतो, नावच तसे आहे. सुटी फुले सूर्य वर येण्याआधी तोडावीत. उन्ह लागले की कोमेजतात आणि वजनही घटते. दांडा कापायचा असेल तर खालची एक-दोन फुले उमलली की कापावा आणि लगेच पाण्याच्या बादलीत उभा करावा. वरच्या कळ्या पुढे आपोआप उमलत जातात. पहाटे बॅटरी आणि काठी बरोबर घेतल्याशिवाय वाफ्यात पाय ठेवू नये. भुशाखालच्या गारव्याला साप येतात.

कंदाची खरी परीक्षा २०१६ च्या उन्हाळ्यात झाली. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. त्याच वर्षी लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे तुम्हांला आठवत असेल. आमच्या विहिरीत घागर बुडेल एवढेच पाणी उरले. ते दोन बैल आणि एका म्हशीसाठी राखले आणि फुलांच्या ठिबकचा कॉक बंद केला. पंधरा-वीस दिवसांत पात करपून गेली. वर भुसा आणि पालापाचोळा जाड करून टाकला आणि तिकडे जाणेच सोडले. त्या वर्षी पाऊस बरा झाला. जुलैत भुसा बाजूला सारून पाहिले तर हिरवी टोके! दहांतले आठ कंद फुटले होते. सासूबाईंना हाताला धरून नेले आणि दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत. वाकून एका कोंबाभोवतीची माती तेवढी नीट केली.

तीन वर्षे झाली की कंदांची दाटी होते आणि दांडे आखूड पडतात. तेव्हा पाणी तोडून, पात वाळवून कंद काढावेत, मोठे निवडून पुन्हा लावावेत. एका कंदाचे अनेक होतात. दोन गुंठ्यांचे सहा गुंठे आम्ही विकतचा एकही कंद न आणता केले आणि तीन घरांना कंद दिलेही.

बाजाराचे मात्र गोड बोलून चालणार नाही. लग्नसराईत आणि सणांना भाव चढतो, पितृपंधरवड्यात बसतो. एका अडत्याकडे सलग महिनाभर आमची फुले घरच्या काट्यापेक्षा कमी भरत. आम्ही बोलाचाली न करता दुसरीकडे घालू लागलो. आता निम्मी फुले हारवाल्यांना थेट देतो. मार्च २०२० मध्ये देवळे बंद झाली, लग्ने थांबली आणि फुलाला कोणी विचारीना. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत रोज तोडायचे आणि खड्ड्यात टाकायचे. पुढच्या वर्षी देवळे पुन्हा बंद झाली, ती घटस्थापनेला उघडली. तोडणाऱ्या दोघींची मजुरी पुरती देता आली नाही, धान्य दिले. पण त्या काळात कृषी केंद्राची उधारी आमच्या डोक्यावर नव्हती, कारण आम्ही तिथून काही आणलेच नव्हते. ज्याचे खत गोठ्यातले आणि औषध लिंबाखालचे, त्याचे नुकसान होते पण कर्ज होत नाही. खड्ड्यातल्या फुलांचे खत झाले आणि ते पुढच्या हंगामात वाफ्यांवर गेले.

भगिनींनो, शेवटी तुमच्यासाठी. कपाशी-मक्याचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि आला तसा देण्याघेण्यात जातो. फुलाचा पैसा थोडा, पण आठवड्याला येतो आणि आमच्या घरी तो माझ्या वहीत लिहिला जातो. किराणा आणि नातीची शाळा त्यावर चालते. त्या वर्षी सुनेच्या पोटात होती तीच ही नात. आता ती पहाटे बॅटरी धरते.

सहा गुंठ्यांची घाई करू नका. एक गुंठा लावा. कंद ओळखीच्या शेतातले, पाहून घ्या. शंका आली तर पैठण रोडवर परभणी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे वाकडा दांडा सोबत घेऊन जा आणि विचारा. लागवड एप्रिल-मेची, म्हणजे शेणखत माघातच पसरून ठेवायला हवे. निंबोळ्या वेचायला मात्र घरातल्या पोराबाळांना आजच सांगून ठेवा.