आवाज बसला तेव्हा

२०१८ सालची भीमजयंती माझ्या कायमची लक्षात राहिली आहे. त्या एप्रिलमध्ये आमच्या गायन पार्टीला १६ कार्यक्रम मिळाले होते. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करायचा म्हणून काही मंडळांनी संध्याकाळीच बोलावले, आणि एकेका दिवशी दोन-दोन कार्यक्रम झाले. दिवसा अंगणवाडीत २५ मुलांपुढे ओरडायचे आणि संध्याकाळी स्टेजवर उभे राहायचे. पाण्याचा घोट घ्यायलाही सवड नव्हती.

२२ एप्रिलला एका वस्तीत दुसऱ्याच गाण्याच्या अंतऱ्यात मी वरचा सा लावायला गेले, आणि तोंडातून नुसती हवा आली. सूर आलाच नाही. कोरसने सांभाळून घेतले. समोरच्यांना वाटले, बाईंना गहिवरून आले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र दरदरून घाम फुटला.

उरलेले पाच कार्यक्रम सोडावे लागले. घेतलेली सुपारी परत केली. त्या पैशांतून मुलीची फी भरायची होती आणि घरावरचे पत्रे बदलायचे होते. पण खरी भीती पैशांची नव्हती. मला आमचे नाना आठवत होते.

नाना म्हणजे माझे वडील. रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते आणि रात्री पार्टीत गायचे. वामनदादा कर्डकांना त्यांनी समोर बसून ऐकले होते. तेव्हा खेड्यात लाऊडस्पीकर मिळेलच असे नव्हते. नाना मोकळ्या गळ्याने गावाच्या वेशीपर्यंत आवाज पोहोचवायचे. पंचेचाळिशीच्या आत त्यांचा आवाज घोगरा झाला, तो परत आला नाही. लोक म्हणाले, घसा बसला. नाना कोरसमध्ये टाळ्या धरायला जाऊन बसले. त्यांच्या गळ्यात काय झाले आहे, हे कोणी कधी पाहिलेच नाही.

माझ्यावरही घरगुती उपाय सुरू झाले. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद-दूध. बोलताना त्रास होतो म्हणून मी कुजबुजू लागले. एकाने सांगितले, कार्यक्रमाच्या आधी एक इंजेक्शन घ्या, रात्र निघून जाईल. तीन आठवडे झाले तरी फरक पडला नाही, तेव्हा नवऱ्याने मला नाशिकला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले.

त्यांनी दुर्बिणीची नळी घालून पडद्यावर माझा गळा मला दाखवला. बोटाच्या पेराएवढ्याही लांब नसलेल्या दोन पांढऱ्या पट्ट्या. दोन्हींवर समोरासमोर एकेक बारीक गाठ. गाठ म्हटल्यावर माझे पाय लटपटले. बाई म्हणाल्या, "घाबरू नका, हा कॅन्सर नाही. हातोडी मारून हाताला घट्टे पडतात ना, तसे हे आवाजाच्या पट्ट्यांना पडलेले घट्टे आहेत." नानांचे हात माझ्या डोळ्यांपुढे आले.

त्यांनी जे समजावले, ते कोणी आधी सांगितले असते तर! साधे बोलताना बाईच्या या पट्ट्या सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकींवर आपटतात. आमची पेटी पुरुषांच्या सोयीने काळी एकवर असायची. त्या पट्टीत मी वरचा सा लावते तेव्हा त्या साडेपाचशेच्या वर वेळा आपटतात. त्यात जोर लावून ओरडले की सूज येते, आणि सूज असताना पुन्हा गायले की घट्टा पडतो. ज्येष्ठमधाने तोंडाला बरे वाटते, पण गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, पट्ट्यांपर्यंत पोहोचत नाही. श्वासातून जाते ती वाफ. कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे, त्यानेही ताण पडतो. सारखे खाकरू नये, त्याऐवजी घोटभर पाणी प्यावे. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये, पोटातले आम्ल वर येऊन घसा जाळते. इंजेक्शन घेऊन सुजलेल्या गळ्याने गाणे तर फारच धोक्याचे. ऑपरेशनची घाई नको, आधी आवाजाचे व्यायाम करा, असे त्यांनी सांगितले.

अंगणवाडीची सुट्टी होती, म्हणून गरजेपुरतेच बोलणे जमले. बाकीचे मी पाटीवर लिहायची. दुसरीतला मुलगा दोन दिवस गप्प राहिला आणि मग रडवेला होऊन म्हणाला, "आई, तू माझ्यावर रागावलीस का?" त्याला जवळ घेऊन मी पाटीवर लिहिले, 'नाही रे राजा.' घरात आपण किती ओरडून बोलतो, तेही त्या दिवसांत कळले.

मग व्यायाम. ग्लासात थोडे पाणी घ्यायचे, त्यात दोन बोटे स्ट्रॉ बुडवायची आणि स्ट्रॉमधून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. तोंड असे अरुंद झाले की हवेचा दाब उलटा येतो आणि पट्ट्या एकमेकींना हलक्या लागतात. ओठ फुरफुरवत खालून वर सूर न्यायचा. तोंड मिटून 'म्' गुणगुणायचे. उताणे पडून पोटावर हात ठेवायचा आणि श्वास छातीत न कोंडता पोटापर्यंत घ्यायचा. दर वेळी पाच मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. शेजारणी हसायच्या. दोन महिन्यांनी सकाळचा खर्ज स्वच्छ लागू लागला. पुन्हा तपासले, गाठी बऱ्याच बसल्या होत्या.

खरा वाद पुढे झाला. मी पेटी खालच्या काळी चारवर घ्या म्हटले. पेटीमास्तर वयाने मोठे, त्यांना पटेना. "ताई, पाच पट्ट्या खाली? रंग कसा भरणार? आणि बाबासाहेबांच्या गाण्यासाठी घसा फाटला तर फाटू दे की!"

मी काही बोलायच्या आत ढोलकी वाजवणारे माझे मालक म्हणाले, "मास्तर, ढोलकी चढवताना पुडी फाटू नये म्हणून आपण किती जपतो. आणि पुडी तरी बाजारात मिळते. हिच्या गळ्याला मिळते का?"

मास्तर गप्प झाले. पेटी खाली आली.

वर्षावासात आमच्या विहारात मी लाऊडस्पीकरशिवाय एक गाणे गायले. १४ ऑक्टोबरला तीन गायले. खाली उतरल्यावर पुढे बसलेली एक म्हातारी आजी म्हणाली, "पोरी, आज शबुद न् शबुद कळला बघ." तेव्हा माझी खात्री पटली. आपली गाणी ही शब्दांची गाणी आहेत. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी जलसे काढले, ते माणसांना काही सांगण्यासाठी. मी वर ओरडत होते तेव्हा लोकांना माझा जोर कळत होता, शब्द कळत नव्हते.

आता आम्ही एका दिवशी एकच कार्यक्रम घेतो. पैसे कमी मिळतात, हे खरे. पत्रे त्या वर्षी बदलले नाहीत, पुढच्या वर्षी बदलले. पण गळा शाबूत आहे.

मंडळांच्या भावांना माझी विनंती आहे. गाणाऱ्यांसाठी स्टेजवर पिण्याचे पाणी ठेवा. एक बॉक्स आमच्याकडे तोंड करून लावा. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडतो. आणि गाणाऱ्या बहीण-भावांनो, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला तर घरात औषधे करत बसू नका, घशाच्या डॉक्टरला दाखवा. तंबाखू, मिश्री असेल तर मुळीच उशीर करू नका.

माझी मुलगी आता गायला लागली आहे. तिला मी पहिल्यांदा गाणे शिकवले नाही. पेटीवर एकेक पट्टी दाबून तिचा सा कुठला, तेवढे शोधून दिले. नानांना तेवढेही कोणी दिले नव्हते.

जयभीम.