दोन बाय दोन इंचांतली आई

दादर पश्चिमेला उतरा. फेरीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत, ‘बोला ताई, काय देऊ?’ऐकून न ऐकल्यासारखं करत रानडे रोडला या. साड्यांच्या दुकानावर एक छोटी पाटी दिसेल : ‘सर्व देशांचे व्हिसा फोटो’. करकरणारा लाकडी जिना चढलात की जेमतेम आठ बाय दहाची खोली. पांढरा पडदा, स्टूल, दोन लाइट आणि खुंटीला टांगलेला काळा कोट. टायसकट!

तुम्ही म्हणाल, हातात मोबाइल असताना इथे कशाला? सेम हिअर, बॉस! न्यू जर्सीतल्या ताईचं बाळंतपण तोंडावर आलेलं. आईच्या अमेरिकन व्हिसासाठी मी घरीच फोटो काढला. ॲपवर डोळ्यांखालची काळी वर्तुळं गायब केली, चेहरा उजळवला. एकदम झक्कास! इथे आलो ते फक्त प्रिंट काढायला.

काकांनी एका नजरेत नापास केलं. ‘‘मागे सावली आहे. चष्मा आहे; तो १ नोव्हेंबर २०१६पासून चालत नाही. आणि वहिनींना एवढं गोरं कोणी केलं? हे चेहऱ्याशी ताडून बघतात हो.’’

मग फंडे ऐकले. अमेरिकेला दोन बाय दोन इंच, शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटर. अमेरिकेच्या फोटोत हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंत २५ ते ३५ मिलिमीटर. सहा महिन्यांपेक्षा जुना नको. आपल्या पासपोर्टचा फोटो सेवा केंद्रातच काढतात. चार वर्षांखालच्या पिल्लांचा तेवढा आपण न्यायचा. म्हणजे या जिन्यावरची वर्दळ आता मुख्यतः व्हिसावाल्यांची.

काकांनी आईला पडद्यापासून चांगलं तीन फूट पुढे बसवलं, सावली पडू नये म्हणून. चष्मा काढायला लावला. आई एकदम बावरली. चष्म्याशिवाय तिला कॅमेराच दिसेना.

‘‘कुठे बघू रे?’’

मी कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिलो. ‘‘इकडे बघ आई. माझ्या आवाजाकडे.’’

क्लिक!

स्क्रीनवर आई आली. नाकावर चष्म्याचे दोन वळ, डोळ्यांखाली तीच वर्तुळं. मी पुसलेली. आमच्या दोघांच्या दुखण्याखुपण्यात जागून कमावलेली. आईने चष्मा चढवून फोटो निरखला. ‘‘म्हातारी दिसतेय, पण मीच आहे,’’ म्हणाली आणि पर्स उघडली.

तुम्ही जाल तेव्हा केस कपाळावरून मागे घ्या. पांढरा शर्ट टाळा, पडद्यात हरवतो. ऑनलाइन फॉर्मसाठी फाइलही मागून घ्या : किमान ६०० बाय ६०० पिक्सेल, २४० केबीच्या आत. कोट खुंटीलाच राहू द्या.

आणि आईला नेलंत, तर मोबाइलमध्ये डोकं घालून बाकावर बसू नका. कॅमेऱ्यामागे उभे राहा.