वेळासचा किनारा

उज्जयिनीत जन्मलेल्या माणसाला समुद्र माहीत असतो तो पुस्तकातून. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात पुष्पक विमानातून राम सीतेला समुद्र दाखवितो, तो प्रसंग मी मुलांना कितीतरी वेळा सांगितला असेल. पण सांगताना माझ्या डोळ्यांपुढे येई तो श्रावणातल्या क्षिप्रेचा गढूळ पूर. मुंबईस लग्नकार्यानिमित्त गेलो तेव्हा चौपाटी पाहिली होती, पण तिला समुद्र म्हणावे असे मन घेईना. त्यामुळे आमचे वकीलसाहेब जेव्हा एका रविवारी सकाळी पोहे-जिलबीची बशी खाली ठेवून म्हणाले, "हेडमास्तर, कोकणात जायचं आहे, आणि तेही पायी हिंडत," तेव्हा मी कारण न विचारताच होकार दिला.

कारण मला ठाऊक होतेच. २०२८ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांचे रुंदीकरण चालू आहे. त्यात वकीलसाहेबांच्या वाड्याचा दर्शनी भाग जाणार, अशी खूण भिंतीवर पडली होती. सहा पिढ्यांचा वाडा. ओसरी गेली की उरणार काय, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. त्यांची आजी सांगत असे की, आपले घराणे मूळचे बाणकोटच्या खाडीपलीकडच्या वेळासचे. शिंद्यांच्या लष्करामागून कारकुनीच्या निमित्ताने माळव्यात आले. याला कागदाचा आधार म्हणाल तर एक चिठोरेही नाही. इथे उपटले जाण्याची वेळ आली, तेव्हा मूळ कुठे होते ते एकदा पाहून यावे, असे त्यांच्या मनाने घेतले.

२०२५ च्या मार्चमध्ये आम्ही निघालो. दोघांच्याही पाठीवर मुलांच्या जुन्या सॅक. पन्नाशी उलटलेल्या दोन गृहस्थांना त्या वेषात पाहून स्टेशनवरचा हमालही हसला असावा. अवंतिका एक्सप्रेसने रात्रभरात मुंबई, तिथून एस.टी.ने श्रीवर्धन आणि मग हरिहरेश्वर. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथांचे गाव. सिद्दीच्या जाचाला कंटाळून ते खाडी ओलांडून वेळासला भानूंच्या आश्रयास गेले आणि मग दोन्ही घरची माणसे घाट चढली, हे आपण इतिहासात वाचतो. तोच मार्ग आम्हीही धरला. बागमांडल्याहून वेसवीला जाणाऱ्या फेरीबोटीत मोटारी, दुचाक्या, माशांच्या टोपल्या आणि माणसे एकत्रच चढतात. महाबळेश्वराला उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते. एक वृद्ध मुसलमान गृहस्थ आमच्याशी बाणकोटी बोलीत बोलू लागले. ती मराठीच, पण तिचा हेल असा की पहिली दोन वाक्ये मला समजली नाहीत. एम.ए.ला भाषाशास्त्राचा पेपर दिलेल्या माणसाची ही स्थिती!

वेसवीपासून आम्ही चालत निघालो. वाटेत टेकडीवर बाणकोटचा किल्ला लागतो. आंग्र्यांच्या काळचा हा हिंमतगड. १७५५ साली तो तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला आणि पुढे इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया हे नाव दिले. किल्ला लहानच आहे, पण बुरुजावरून एका हाताला खाडीचे मुख आणि दुसऱ्या हाताला उघडा समुद्र असे दृश्य दिसते. वकीलसाहेब तिथे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "हे सोडून आमचे लोक त्या काळ्या मातीत कशाला आले असतील?" मी म्हटले, "पोटाला." वकील माणूस, पण त्यावर त्यांनी उलटतपासणी केली नाही.

वेळास हे दोन डोंगरांच्या कुशीत लपलेले गाव आहे. रस्त्यावरून दिसतात ते केवळ नारळी-पोफळींचे शेंडे. जांभ्या दगडाच्या पायऱ्या उतरून घरांशी जावे लागते. अंगणात सुपारी वाळत घातलेली, आंब्याच्या मोहोराचा वास. आमची उतरण्याची सोय एका घरी झाली होती. घरच्या काकू पंच्याहत्तरीच्या, पण पायात चपळाई अशी की आम्हालाच लाज वाटावी. रात्री जेवताना कुळथाचे पिठले आणि भात होता. वकीलसाहेब म्हणाले, "काकू, भात थोडा अजून टाका." काकू थबकल्या. "टाकायचा कशाला हो? वाढते की! टाकतात ते गुरांपुढे." आम्हा माळवी मराठी लोकांच्या बोलण्यात हिंदी कशी बेमालूम मिसळली आहे, हे मी वर्गात पोटतिडकीने सांगत असतो, पण ते क्रियापद मलाही खटकले नव्हते.

"तुम्ही कुठले?" काकूंनी विचारले.

"उज्जैनचे."

"ते झालं. मूळचे?"

वकीलसाहेबांनी घास खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "इथलेच म्हणतात." मग आडनाव सांगितले. काकूंनी आठवून पाहिले. त्या आडनावाचे घर त्यांच्या पाहण्यात नव्हते. सासूबाईंच्या तोंडूनही कधी ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही देवळात गेलो. महालक्ष्मी आणि रामेश्वराचे हे स्थान नाना फडणवीसांच्या नावाशी जोडलेले आहे. नानांचा जन्म १७४२ सालचा, साताऱ्याचा. पण भानूंचे मूळ घर इथले, आणि गावाने त्यांचे स्मारक जपले आहे. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीस गेले आणि १७१९ च्या दंगलीत तिथेच कामास आले. या चिमुकल्या गावचा माणूस यमुनेकाठी पडतो, त्याचा नातू पुण्यात बसून हिंदुस्थानचे राजकारण हाकतो, आणि आमच्या उज्जयिनीत मुक्काम असलेल्या शिंद्यांशी त्याचा कधी स्नेहाचा, कधी कुरघोडीचा पत्रव्यवहार चालतो! मोठ्यांची नावे राहिली. त्यांच्याबरोबर गेलेल्या कारकुनांची, आचाऱ्यांची, शागिर्दांची कोणी ठेवावी?

देवळातल्या एका वृद्धांनी आम्हाला गावाच्या वरच्या अंगाला नेले. करवंदीच्या जाळीत तीन-चार जोती होती, जांभ्याची, शेवाळाने काळी पडलेली. एकाच्या मधोमध फणसाचे मोठे झाड उगवले होते. "हे घाटावर गेलेले लोक. कोणाचं कुठलं, आता सांगता येत नाही," ते म्हणाले. वकीलसाहेबांनी प्रत्येक जोत्यावर हात ठेवून पाहिला. मला वाटले, आता हे एखादे निवडतील. खोट्या साक्षीने निकाल लावून घ्यावा असा मोह अशा वेळी होतोच. पण त्यांनी तसे काही केले नाही. रुमालाने हात पुसले आणि म्हणाले, "चला, पुरावा नाही."

संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. वेळास आता नानांपेक्षा कासवांसाठी अधिक प्रसिद्ध आहे. पूर्वी इथे कासवांची अंडी काढून खाल्ली वा विकली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून ती राखण्यास आरंभ केला आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. गावकरी ती अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात नेऊन ठेवतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात. कासवी नुसत्या दृष्टीने पिल्लांना पोसते, हा आपल्या संतांचा आवडता दृष्टांत मी आयुष्यभर शिकविला. प्रत्यक्षात ती मागे वळूनही पाहत नाही. दृष्टांत त्यामुळे खोटा ठरत नाही म्हणा. परंतु पुढच्या वेळी शिकविताना अडखळेन खरा.

टोपली उचलली तेव्हा खाली तळहातात मावतील अशी काळसर पिल्ले वळवळत होती. ती दोरीच्या पलीकडे वाळूवर सोडली. काही उलट दिशेला वळली, काही थांबली, मग लाटेच्या ओलीपर्यंत पोचताच सारी कशी झपाट्याने निघाली. तिथल्या तरुण कार्यकर्त्याने सांगितले की, यांतल्या माद्या मोठ्या झाल्यावर ज्या किनारपट्टीवर जन्मल्या तिकडेच बहुधा अंडी घालायला परततात.

"बहुधा?" वकीलसाहेबांनी शब्द बरोबर पकडला.

तो हसला. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली पायाला धातूचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. सगळ्या दक्षिण भारताला वळसा घालून ती इकडे आली असावी, असे त्याने सांगितले. "मग तिच्या पिल्लांचं गाव कुठलं?" वकीलसाहेबांनी विचारले. "गुहागर," तो तरुण चटकन म्हणाला. त्याला त्यात काही अवघड वाटले नाही.

अंधार पडेपर्यंत आम्ही सुरूच्या झाडांखाली बसून राहिलो. समुद्राविषयी मी इथे लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असेल. पण त्या रात्री मला दिसत होती ती फक्त लाटेची पांढरी रेघ, आणि शेजारी बसलेला माझा चाळीस वर्षांचा मित्र, ज्याने तासभरात एक शब्द उच्चारला नाही.

निघताना काकूंनी त्यांना कोंब आलेला एक नारळ दिला. "घर सापडलं नाही तर नाही, हा तरी न्या," म्हणाल्या. अवंतिकेत तो वकीलसाहेबांच्या उशाशी होता. वाड्याच्या मागच्या अंगणात, रुंदीकरणाच्या रेषेच्या आत, त्यांनी तो लावला आहे. माळव्याच्या थंडीत नारळ धरत नाही, असे आळीतले सगळे सांगतात. वकीलसाहेब रोज सकाळी त्याला पाणी घालतात, आणि थंडीत गोणपाट गुंडाळायचे म्हणून एक पोते आतापासूनच आणून ठेवले आहे.