होकार देणाऱ्याची उलटतपासणी

जळगाव-धुळ्याकडच्या सहकारी बँकांत आणि पतसंस्थांत सायबर सुरक्षेचा विषय निघाला की बोलणे हटकून पासवर्डवर येते. किती अक्षरी ठेवायचा, किती दिवसांनी बदलायचा, कुणाला सांगायचा नाही. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना हे पाठ आहे आणि त्यात चूक काहीच नाही. फक्त पासवर्ड तपासणारी यंत्रणा प्रामाणिक आहे, एवढे त्यात न बोलता धरलेले असते. लॉगिनच्या नोंदी तपासणे हाच ज्यांचा धंदा आहे त्या आम्हा लोकांना खरी धास्ती असते ती तपासणाराच फितूर होण्याची. तसे झाले की पासवर्ड बरोबर असो वा चूक, उत्तर चोराला हवे तेच मिळते आणि लॉगमध्ये 'लॉगिन यशस्वी' अशी स्वच्छ ओळ पडते. माझे म्हणणे असे की, ही फितुरी त्या यंत्रणेच्या स्वतःच्या नोंदी वाचून सहसा सापडत नाही. तिचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवलेल्या दुसऱ्या नोंदीशी मेळ घातला, तरच ती उघडी पडते.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा दाखला. एटीएममध्ये कार्ड घातले की विचारणा बँकेच्या स्विचकडे जाते. कार्ड खरे आहे का, खात्यात शिल्लक आहे का, याची कोअर बँकिंगशी खातरजमा होते, होकार येतो आणि मग नोटा बाहेर पडतात. हल्लेखोरांनी या वाटेवर आपला बनावट स्विच बसवला. विचारणा कोअर बँकिंगपर्यंत पोचेनातच, होकार मधल्या मध्ये जाऊ लागला. 11 ऑगस्ट 2018 रोजी बनावट कार्डे वापरून 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी रुपये निघाले आणि भारतातूनही सुमारे अडीच कोटी गेले. 13 तारखेला स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशव्यवस्थेमार्गे आणखी 13.92 कोटी हाँगकाँगला वळवण्यात आले. 11 तारीख महिन्यातला दुसरा शनिवार होता, म्हणजे बँका बंद, आणि पुढे रविवार. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही असे बँकेने नंतर सांगितले. ते दिलासा म्हणून ठीकच होते, पण तपास करणाऱ्याच्या कानाला ते वेगळे ऐकू येते. खाती वजा झालीच नव्हती, म्हणून कोअर बँकिंगच्या बाजूने पाहणाऱ्याला काही घडल्याचेच दिसले नसते. गडबड दिसणार होती ती फक्त दोन वह्या शेजारी मांडल्यावर: इकडे हजारो होकार, तिकडे त्यांच्या जोडीची एकही नावेनोंद नाही.

याच वर्गातला दुसरा दाखला बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचा. फेब्रुवारी 2016 मध्ये तिथून 8 कोटी 10 लाख डॉलर फिलिपिन्सला गेले. नंतर जो घातक प्रोग्रॅम हाती लागला, त्याने स्विफ्टच्या सॉफ्टवेअरमधले अवघे दोन बाइट बदलले होते. 'तपासणीत चूक निघाली तर थांब' या अर्थाची आज्ञा होती, तिच्या जागी 'काहीच करू नको' ही आज्ञा बसवली. तपासणी होत राहिली, तिच्या निकालाला किंमत उरली नाही. कागदावर छापून येणाऱ्या पुष्टिसंदेशांतही त्याच प्रोग्रॅमने हात घातला होता. साक्षीदार आणि पुरावा दोन्ही एकाच मुठीत गेल्यावर तिथल्या कर्मचाऱ्यांनी किती बारकाईने पाहिले, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. 2015 च्या जानेवारीत उजेडात आलेल्या 'स्केलेटन की' या प्रोग्रॅमची चाल तर आणखी सफाईची. विंडोजच्या मुख्य लॉगिन सर्व्हरच्या स्मृतीत शिरून तो एक जादा पासवर्ड चालू करी. मूळ पासवर्डही चालत राहत, म्हणून कुणाची तक्रार येत नसे. सर्व्हर पुन्हा सुरू केला की तो बदल पुसला जाई. डिस्कवरच्या फायली तपासणाऱ्याला त्यामुळे पुरेसे काही मिळत नाही, चालू स्मृतीतला प्रोग्रॅम मूळ प्रतीशी ताडून पाहावा लागतो. मार्च 2024 मध्ये लिनक्सवरच्या 'एक्सझेड' या साधनात पेरलेले चोरदार सापडले, तेही लॉगिनच्या नोंदीतून नव्हे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे दिसले आणि तो त्याच्या मागे लागला. घड्याळ ही स्वतंत्र साक्ष होती, लॉगिनच्या प्रोग्रॅमला ती फितवता आली नाही.

खानदेशातल्या आडत्यांना आणि पतसंस्थांच्या जुन्या कारकुनांना यात नवल वाटू नये. रोजकीर्द लिहिणाऱ्याने तेरीजही स्वतःच जुळवायची नाही, हा शहाणपणा संगणकाच्या आधीचा आहे. नवी गोष्ट एवढीच की मेळ दुसऱ्या दिवशी सकाळी घालून भागत नाही.

यावर एक आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो: मेळ सतत घालायचा म्हटले तर खोटे इशारे इतके येतील की कुणी त्यांकडे पाहणारच नाही. आक्षेप खरा आहे. केळीचे, कापसाचे पैसे खात्यावर आले की चोपडा, रावेर, शिरपूरच्या एटीएमवर गर्दी होते, नेटवर्क मध्येच तुटते आणि नोंदी जुळत नाहीत. पण हे न जुळणे बहुधा एकाच दिशेचे असते: खाते वजा झाले, नोटा आल्या नाहीत. ग्राहक स्वतःच तक्रार घेऊन येतो. उलट दिशेचे, म्हणजे नोटा गेल्या आणि खाते वजा झाले नाही, हे क्वचित घडते आणि त्याची तक्रार कुणी करत नाही. काही मिनिटांत वाजायला हवी ती घंटा या दुसऱ्या प्रकारासाठी. पहिला प्रकार सकाळच्या कामात जाऊ द्यावा. लॉगिनच्या बाबतीतही असेच: चुकलेल्या प्रयत्नांचा ढीग मोजत बसण्यापेक्षा, ज्या यशस्वी लॉगिनच्या जोडीला हजेरीत माणूस नाही किंवा ओटीपी पाठवल्याची नोंद नाही, ते आधी पाहावे.

ओटीपी आहे, मग भीती कशाची, असेही विचारले जाते. ओटीपीने चोरलेला पासवर्ड निकामी होतो, हा त्याचा मोठाच उपयोग. पण ओटीपी बरोबर आहे की नाही हे ठरवणाराही एक प्रोग्रॅमच आहे आणि दोन बाइटांची गोष्ट त्यालाही लागू पडते. मग दुसरी नोंदही फितवता येईल, असे कुणी म्हणेल. येईल, म्हणून तर ती वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या माणसाच्या ताब्यात आणि पुसता येणार नाही अशी हवी. दोन्ही ठिकाणांचे प्रशासकीय पासवर्ड एकाच व्यक्तीकडे असतील, तर दोन नोंदी असून नसल्यासारख्या.

राहिला खर्चाचा मुद्दा. लहान बँका म्हणतात, आमचे सर्व्हर पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, स्विच दुसऱ्याचा, आम्ही काय तपासणार? मला उलटे वाटते. यंत्रणा दुसऱ्याची असते तेव्हाच आपल्या हाती स्वतंत्र नोंद ठेवणे सोपे जाते, कारण त्या नोंदीवर त्या दुसऱ्याचा हात नसतो. रोजच्या होकारांची यादी मागवून नावेनोंदींशी ताडायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. लॉग 180 दिवस जपून ठेवणे आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणे हे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनी बंधनकारक केलेलेच आहे. जपलेले लॉग कुणी वाचावेत, हे मात्र निर्देश वाचून ठरत नाही, ते संचालक मंडळाला ठरवावे लागते.

तेव्हा तुम्ही अशा एखाद्या बँकेचे संचालक किंवा सभासद असाल, तर पुढच्या बैठकीत पासवर्डच्या धोरणाआधी एवढे विचारा: दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आपले होकार आणि आपल्या नावेनोंदी कोण ताडून पाहतो, आणि त्याचे नाव काय?